पहाऱ्याला दिलेली बगल

मी एक जुना बॅटरी पॅक आहे. जुना म्हणजे वयाने वर्षाचाही नाही, पण अर्धा जळालेला आणि उरलेला निकामी, तेव्हा मला तरुण कोण म्हणणार? सध्या माझा मुक्काम एका दुरुस्तीच्या दुकानात, पत्र्याच्या डब्यातल्या कोरड्या वाळूत आहे. निकामी बॅटऱ्या नेणारी गाडी महिन्यातून एकदाच येते. तोवर मला वेळच वेळ आहे आणि रिकाम्या जिवाला आठवणी सोडत नाहीत. मित्रांनो, माझं ऐकाल ना?

माझ्या पोटात तीन सेल होते, माणसाच्या अंगठ्याहून जरा जाड. मला जोडणारा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला मोठं वळण होतं त्याच्या! जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्याने सेल काढले, मीटरवर त्यांचे व्होल्ट मोजले, तिघांचा आकडा सारखा आला. "सख्खी भावंडं आहेत," तो खुशीत म्हणाला. पण दोघं एका लॅपटॉपमधले होते आणि मधला भलत्याच घरचा, कितीतरी जास्त राबलेला. आकडा जुळला म्हणजे ताकद जुळली असं होत नाही. हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कुणाला आणि कसं?

त्याने आम्हा तिघांना निकेलच्या पट्ट्यांनी एका ओळीत जोडलं आणि डोक्यावर एक बोटभर हिरवी पट्टी बसवली. तिला बीएमएस म्हणतात. ती आमची पहारेकरी. कुठलाही सेल फार भरला किंवा फार रिकामा झाला की ती मुकाट्याने वीज तोडायची. वरून निळं आवरण चढवलं आणि मी तयार झालो.

मला का केलं, तेही सांगतो. लिफ्टवाल्याची थोरली बहीण बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात म्हातारी आई, तिची दृष्टी गेलेली. लिहून दाखवलं तर आईला दिसायचं नाही आणि बोलायला ताईला आवाज उरणार नव्हता. तेव्हा शस्त्रक्रियेआधीचे आठ दिवस ताई भावासमोर बसली आणि आपल्या आवाजात तिने साडेतीनशे वाक्यं भरून ठेवली. भावाने एक खोका बनवला. त्यावर आकड्यांची बटणं, आत स्पीकर, आवाजाचं कार्ड आणि मी. आकडा दाबला की ताईचं वाक्य ऐकू यायचं. सव्वीस म्हणजे "आई, उठलीस का गं?" दोनशे चार म्हणजे "साखर कमी घातलीय, तोंड वाकडं करू नकोस." आणि साडेतीनशे म्हणजे नुसतं हसणं.

काय दिवस होते ते! ताई खोका गळ्यात अडकवून घरभर फिरायची. आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "आमची लेक आता आकडे लावून बोलते हो, पण बोलते मात्र पूर्वीसारखीच फटकळ." मित्रांनो, कुणी माझं नाव घेत नव्हतं. तरी त्या घरातल्या प्रत्येक शब्दामागे मी उभा होतो आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

सात-आठ महिन्यांनी मधला सेल थकला. हळू आवाजातली वाक्यं निघायची, पण मोठ्या आवाजाला जास्त वीज लागते. ती मागितली की मधल्याचा जीव खाली जायचा, पहारेकरी पट्टी वीज तोडायची आणि खोका मुका व्हायचा. क्षणभर विश्रांती मिळाली की मधला पुन्हा सावरायचा. म्हणून लिफ्टवाला मीटर लावायचा तेव्हा आकडा चोख यायचा.

एके सकाळी आई स्वयंपाकघरातून येत होती. वाटेत स्टूल होतं. ताईने एकचं बटण दाबलं. ते सगळ्यांत मोठ्या आवाजातलं वाक्य होतं, "आई, थांब!" खोका "आई" एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. हाक आली म्हणून आईने पाऊल पुढे टाकलं आणि ती गुडघ्यावर आपटली.

लिफ्टवाला तिरमिरीतच मला घेऊन या दुकानात आला. इथली दुरुस्तीवाली मोजकं बोलते. तिने विचारलं, "आवाज चालू असताना मोजलंस का? प्रत्येक सेल वेगवेगळा?"

"मीटर बारा पॉइंट तीन व्होल्ट दाखवतोय, अजून काय मोजायचं? ती हिरवी पट्टीच खराब आहे."

"बसलेल्या माणसाची नाडी बघून तो जिना चढेल की नाही ते कळतं का? ठेवून जा इथे, संध्याकाळी सांगते."

"वीस वर्षं लिफ्टच्या मोटारी उघडतोय मी, बाई. तीन सेलचं काय घेऊन बसलात!"

मला उचलून तो घरी आला. आईच्या गुडघ्याला ताई शेक देत होती. त्याला ते बघवेना. त्याने आवरण कापलं आणि पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड तार कथलाचा डाग देऊन जोडली. पहारेकरी जागेवर राहिली, पण आता वीज तिला बगल देऊन जाऊ लागली. त्याचं प्रेम खोटं नव्हतं. प्रेमापोटीच त्याने घाई केली, म्हणून तर मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

खोका खणखणीत बोलू लागला. अकरा दिवस सगळे खूश होते. आत मधला सेल रोज तळापर्यंत पिळला जात होता आणि त्याला थांबवणारं कुणी नव्हतं.

बाराव्या दिवशी दुपारी ताईने मला चार्जिंगला लावलं. मधल्यामध्ये आता वीज धरायची कुवत नव्हती. तो तापला, फुसफुसला आणि त्याने पेट घेतला. धूर झाला. आई पलंगावरून ओरडत होती, "काय जळतंय? कुठे आहेस तू? बोल ना!" ताईला बोलता येत नव्हतं. धुरातच तिने आईला मिठीत धरून दाराबाहेर ओढलं. शेजाऱ्यांनी वाळू ओतली. दोघी वाचल्या. खोका मात्र वितळला, आणि त्यातलं कार्डही. "दुसरी प्रत काढून ठेवतो" असं लिफ्टवाला दर रविवारी म्हणत असे. तो रविवार काही आला नाही.

तो कामावरून धावत आला. काळ्या ढिगाऱ्यातून त्याने मला चिमट्याने बाहेर काढलं. तार तशीच चमकत होती. तो जमिनीवरच बसला.

"ताई," तो म्हणाला, "कामावर कुणी लिफ्टच्या दाराचा स्विच असा तारेने जोडला ना, तर मी त्याला दारात उभा करत नाही. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, तो बिघाड नसतो, हे मीच सगळ्यांना शिकवतो. आणि घरी मी काय केलं गं?"

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आईने चाचपत ताईचा हात धरला. मग म्हणाली, "हिचा आवाज गेला तेव्हा मी रडले नव्हते. म्हटलं, खोक्यात आहे." आणि ती रडू लागली.

मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो असं मी म्हणत नाही. पण अधूनमधून थांबून मी तेच तर सांगत होतो. तुम्ही कधी खेळणं, दिवा, रेडिओ काहीही बनवाल. बॅटरी मध्येच बंद पडू लागली तर तिचा पहारा काढू नका. ती का थांबते ते शोधा. काम करत असताना मोजा, एकेक सेल मोजा. जुना आणि नवा एका दावणीला बांधू नका. फुगलेल्या, तापलेल्या बॅटरीला पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि कचऱ्यातही फेकू नका. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच काढा.

मला इथल्या वाळूत ठेवून गेलेला लिफ्टवाला परवा पुन्हा दुकानात आला होता. त्याने नवा खोका केला आहे. सेल नवे, एका जातीचे, पट्टी शाबूत. दुरुस्तीवालीसमोर त्याने प्रत्येक सेल आवाज चालू ठेवून मोजून घेतला. खोक्यात यंत्राचा तयार आवाज आहे, कुणा अनोळखी बाईचा. स्पष्ट आहे, कधी तुटत नाही.

"आईला कळतं ना सगळं?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"कळतं," तो म्हणाला. मग मान खाली घालून मीटरच्या वायरी गुंडाळत राहिला. "फक्त ताई काही बोलली ना, की आई पदर सावरून बसते. म्हणते, 'या ना, बसा. आमची लेक येईलच इतक्यात.'"