क्लेअरच्या बंदुकीला चकमक

"हिची टोपी काढ आणि चकमक बसव," आर्लीन म्हणाली आणि तिनं नवऱ्याची, क्लेअरची, ठासणीची बंदूक माझ्या टेबलावर आडवी ठेवली. "नाताळच्या आत."

नाताळला नऊ दिवस होते. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे घाई करणारी माणसं मला नवी नाहीत. पण ही बंदूक क्लेअरची होती.

क्लेअर माझा दोस्त, आणि पक्का टोपीवाला. घोडा पडला की तांब्याची चिमुकली टोपी फुटते आणि बार उडतो, तसल्या बंदुकीचा भक्त. मी चकमकवाला. माझ्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी वाटीतल्या रंजकात, म्हणजे चिमूटभर बारीक दारूत, पडते आणि तिथून नळीच्या कानातून, म्हणजे बारीक भोकातून, जाळ आतल्या दारूपर्यंत जातो. चाळीस वर्षं आम्ही यावरून भांडलो. पावसात माझा बार फुसका गेला की हा सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा हसायचा. नोव्हेंबरात तो गेला. आता त्याचीच बंदूक चकमकीची करायची म्हणजे उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी वाद जिंकायचा. मला ते नकोसं वाटत होतं.

"माझी एखादी ने," मी म्हणालो. "तीन पडल्यात."

"तुझी नको. उन्हाळ्यात रिकामे डबे मी हिच्यानंच पाडायचे. हिची सवय आहे मला." तिनं हातमोजे काढले. "रॉयस म्हणतो, वर्षात घरातलं कुणीतरी एक दिवस शिकारीला आलं तरच कॅम्पातली खाट राहते. मोठा हंगाम माझा अंत्यविधीत आणि लोकांनी जेवण आणून दिलेली भांडी परत करण्यात गेला. उरला तो नाताळनंतरचा. त्या हंगामात इथं पेनसिल्व्हेनियात कायद्यानं चकमकीचीच बंदूक चालते."

"रॉयसच्या पुतण्याचा डोळा आहे त्या खाटेवर," मी म्हणालो. रॉयस आमच्या शिकारीच्या कॅम्पाचा कारभारी.

"असू दे. क्लेअर तीस वर्षं तिथं घोरलाय. ती मी सोडत नाही."

कामाला लागलो. टोपीचं नळकांडं क्लेअरनं नळीच्या बाजूला असं पिळून बसवलं होतं की निघता निघेना. तापवलं, तेल सोडलं, शिव्या घातल्या, तेव्हा तिसऱ्या दिवशी हललं. नव्या घोड्यासाठी लाकूड कोरलं. नळकांड्याच्या भोकात बारीक कानाचा पोलादी खिळा बसवला आणि मग माझ्या लक्षात आलं. कान वाटीच्या वरच्या काठाशी हवा. क्लेअरचं भोक होतं खाली, त्यामुळे कान आला तळाशी, रंजकात बुडलेला. असा कान पेटतो, पण वातीसारखा, सावकाश. भोक बुजवून नवं पाडायला महिना हवा होता.

"घे, तूच जिंकलास," मी रिकाम्या शेडमध्ये मोठ्यानं म्हणालो. हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं.

तेवीस तारखेला शेडच्या मागं पुठ्ठा टांगला. आर्लीनला बजावलं, "चाप ओढलास की डोळ्यांसमोर जाळ होईल. मग क्षणभर काहीच नाही. मग बार. त्या मधल्या वेळात हलायचं नाही. तिथंच सगळे हलतात. मीसुद्धा."

तिनं बंदूक खांद्याला लावली. फस्स झालं, धूर आला, मी मनात एक आकडा मोजला, आणि मग धडाका झाला. नळी तसूभर हलली नव्हती. पुठ्ठ्याच्या मधोमध भोक.

"कसं काय जमलं तुला?"

"आठ महिने मी त्याच्या उशाशी, एका श्वासानंतर दुसऱ्याची वाट बघत बसले होते, मर्ल," ती म्हणाली. "हे त्यामानानं लवकर आटपतं."

मी नळी पुसून बंदूक पुन्हा भरायला घेतली.

सव्वीस तारखेला दुपारी, आमच्यापासून चाळीस पावलांवर, एक मादी हरीण बर्फात उभं राहिलं. आर्लीननं चाप ओढला. जाळ झाला. ती हलली नाही, हरीण हललं. बार होईपर्यंत तिथं नुसता बर्फ होता.

कॅम्पात चुलीवर रस्सा शिजत होता. आर्लीनची पिशवी अजून दाराशीच होती. नेम चुकला की सदऱ्याचं शेपूट, म्हणजे मागचं खालचं टोक, कापायचं आणि नाव घालून भिंतीवर ठोकायचं, हा आमचा जुना कायदा. भिंतीवर साठेक तरी असतील. रॉयसनं सवयीनं कात्री काढली, मग आर्लीनकडे बघून पुन्हा खिशात घातली.

"राहू दे," तो म्हणाला. "तू पाहुणी आहेस."

"पाहुण्यांचं कापत नाहीत?"

"नाही."

आर्लीन उठली. तिनं कोट काढला आणि आतल्या लाल चौकटीच्या सदऱ्याचं शेपूट बाहेर ओढलं. तो सदरा कुणाचा, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मग काप," ती म्हणाली.

रॉयसनं कापलं, बऱ्यापैकी सरळ. मग पेन उघडून तो चिंधीकडे बघत राहिला. "नाव कुणाचं घालू?"

"सदरा त्याचा आहे. चुकले मी. माझं घाल."

रॉयसनं मोठ्या अक्षरांत 'आर्लीन' लिहिलं, तारीख घातली आणि चिंधी ठोकली. मग दाराशी जाऊन त्यानं तिची पिशवी उचलली आणि क्लेअरच्या खाटेवर नेऊन ठेवली.