हुकमाविना थांबलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि शेतातलाही नव्हे. मी पाणी वर चढवत नाही, फक्त फिरवतो. बॉयलर पाणी तापवतो. ते गरम पाणी मी नळांतून घरभर ढकलतो, त्याने खिडक्यांखालचे लोखंडी रेडिएटर तापतात, आणि निवलेले पाणी मी परत बॉयलरकडे आणतो. हिवाळाभर माझे एवढेच काम. आकाराने मी पपनसाएवढा आहे. सल्त गावाच्या उतारावर पिवळ्या दगडाचे एक घर आहे, त्याच्या जिन्याखाली मी राहतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने शेवटचा स्क्रू पिळला, कान लावून माझा आवाज ऐकला आणि मला खोक्यात घातले. जहाजातून मी अकबाच्या बंदरात उतरलो. तिथून मला इथे आणले ते अबू गैथ यांनी. ते शाळेत भूगोल शिकवत. मी पहिल्यांदा फिरू लागलो तेव्हा ते प्रत्येक रेडिएटरला हात लावत घरभर हिंडले आणि बायकोला म्हणाले, "फिद्दा, एका शेगडीभोवती आठ जणांनी दाटीवाटीने बसायचे दिवस संपले. आता ज्याला जिथे बसायचंय तिथे बसू दे!"

ती वर्षे माझ्या कौतुकाची होती. अबू गैथ दर हिवाळ्याआधी खाली येत, माझ्यावरची धूळ पुसत, आत अडकलेली हवा सोडून देत. पुढे ते वारले. मुले नोकरीधंद्याला पांगली. मग माझ्याकडे कोणी फिरकेना. अंगावर काजळी बसली, कोळ्यांनी जाळी विणली. तरी मी फिरत होतो. चालणाऱ्या वस्तूची चौकशी कोण करतो?

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे मी माझ्या मर्जीने फिरत नाही. वर दिवाणखान्याच्या भिंतीवर एक छोटी डबी आहे. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. तिला हवा गार लागली की ती दोन तारांमधून वीज पाठवते आणि मी धावू लागतो. तिला ऊब लागली की वीज बंद, आणि मीही बंद. तिचा हुकूम हाच माझा श्वास.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या हिवाळ्यात घरात बाळ जन्मले. फिद्दाचा थोरला मुलगा गैथ, ज्याच्यावरून वडिलांना 'अबू गैथ' म्हणत, अकबाच्या बंदरात कामाला होता. तो गुरुवारी रात्री यायचा आणि शनिवारी पहाटे परत जायचा. त्याची बायको अरीज इर्बिदची. तिला मुलगी झाली, तिचे नाव जूरी ठेवले. बाळंतिणीला मागची खोली दिली होती. ती शांत होती, पण उत्तरेकडची, ऊन न येणारी.

जूरी घरी आली आणि दिवाणखाना पाहुण्यांनी भरून गेला. सकाळी दहापासून बायका येत. वेलदोड्याची कॉफी आणि बाळ जन्मले की करतात त्या करावियाच्या मसालेदार खिरीच्या वाट्या फिरत. वर अक्रोड, बदाम, खोबरे. एवढी खीर गरम ठेवायची म्हणून फिद्दाने माळ्यावरची रॉकेलची शेगडी काढली आणि दिवाणखान्यात भिंतीशी मांडली. तिच्यावर करावियाचे मोठे पातेले दिवसभर वाफाळत असे.

आणि नेमके तेव्हापासून माझे काम बिघडले. सकाळी पाहुण्या आल्या की थोड्याच वेळात माझी वीज तुटायची. संध्याकाळी शेवटची बाई गेली, शेगडी विझली, की काही वेळाने पुन्हा हुकूम यायचा. दिवसभर मी मुका, आणि मागची खोली बर्फासारखी.

मित्रांनो, घरातल्या प्रत्येक खोलीत जसे माझे पाणी जाते, तसे तिथले बोलणेही त्याच नळांतून माझ्यापर्यंत येते. अरीज आईशी फोनवर कुजबुजत होती, ते मी ऐकले.

"पाहुण्या आल्या की बंद, पाहुण्या गेल्या की चालू. आई, हे आपोआप होतं का गं? सासूबाई बंद करतात. मुलगा असता तर केलं असतं का? पोरगी झाली, म्हणून तिला ऊबसुद्धा मोजून."

गैथ गुरुवारी रात्री यायचा तेव्हा खोली छान तापलेली असायची, आणि शुक्रवारी घर बायकांनी भरलेले म्हणून तो दिवसभर बाहेरच असायचा. तो म्हणायचा, "कुठे गारठा आहे? तुला बाळंतपणाचा थकवा आलाय." अरीज गप्प बसायची आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घ्यायची.

फिद्दाला ते बंद दार दिसायचे. ती शेजारच्या उम्म नायिफला म्हणायची, "माझी नात, आणि मी दार ठोठावून जायचं? नको असेन तर नको." आणि ती करावियाचे पातेले ढवळत राहायची.

दोघींपैकी कोणीच दुसरीला विचारले नाही.

शेवटी फिद्दाच्याही कानावर आले की मागे गारठा आहे. तिने खालच्या बाजारातल्या मिस्त्रीला बोलावले. तो भर दुपारी आला, तेव्हा मी अर्थातच थांबलेलो होतो. त्याने वीज आहे की नाही हे पाहिलेच नाही. पान्याने माझ्या डोक्यात दोन टोले हाणले आणि वर ओरडला, "हाज्जा, पंप जळाला! नवा घाला."

"पण काल रात्री चालला की!" फिद्दा म्हणाली.

"आचके देतोय. मरताना माणूसही देतो."

टोल्याचे मला दुःख झाले नाही. दुःख झाले ते त्या शब्दाचे. बावीस हिवाळे फिरलेला मी, आणि मला मेलेला ठरवायला त्याला जरासुद्धा वेळ लागला नाही. नवा पंप आणतो म्हणून तो गेला, तो आलाच नाही.

जूरी अकरा दिवसांची झाली त्या दिवशी सकाळी अरीजने आपल्या भावाला फोन केला. "अनस, दुपारच्या नमाजानंतर गाडी घेऊन ये. मी आणि बाळ तुझ्याबरोबर येतोय. तिची बोटं निळी पडलीत." मग बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बाळंतीण चाळीस दिवसांच्या आत रुसून माहेरी गेली, तर ते दार पुन्हा उघडायला वर्षे लागतात, हे या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच दिवशी उम्म नायिफने मैसूनला पाठवले. मैसून नळजोडणीचे काम करते. पंचेचाळिशीची, ठेंगणी, खांद्यावर हत्यारांची पिशवी. फिद्दाने तिला पाहिले आणि तिच्या तोंडून निघूनच गेले, "मिस्त्री कुठाय?"

"मीच मिस्त्री, हाज्जा. मिशा नाहीत एवढंच," मैसून म्हणाली.

ती खाली आली. तिने आधी माझी जाळी पुसली. मग माझ्या अंगावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. किती वर्षांनी कोणी असा हात ठेवला होता! तिने तपासणीची तार माझ्या जोडणीला लावली.

"याला वीजच नाहीये," ती मोठ्याने म्हणाली. "जेवण न देता म्हणायचं, मेला!"

मग ती दिवाणखान्यात गेली. तिथे पंधरा-सोळा बायका बसल्या होत्या. मैसूनला दारातच घाम फुटला. पुढचे जे दिसण्यासारखे होते ते ती दर वर्षी मला तपासायला आली की हसत हसत सांगते, म्हणून मला ठाऊक आहे.

"हाज्जा, पंप नेमका कधी थांबतो?"

उत्तर फिद्दाने दिले नाही. मागच्या खोलीचे दार उघडले होते. बाळाला छातीशी धरून अरीज उभी होती. "पाहुण्या आल्या की थांबतो. कसा थांबतो ते आत्यांना विचारा," ती सासूकडे बघत म्हणाली.

बायकांचे चमचे वाट्यांतच राहिले.

"म्हणजे?" फिद्दाचा आवाज चिरकला. "मी थांबवते? सगळ्यांदेखत हे बोलतेस?"

"मुलगी झाली म्हणून, आत्या! मुलगा असता तर थांबवला असतात का?"

"अगं, मला चार मुलगे झाले! प्रत्येकाच्या वेळी सात दिवस कराविया केली आणि आठव्या दिवशी पातेलं पालथं घातलं. हिच्यासाठी अकरा दिवस ढवळतेय. हा हात बघ माझा, फोड बघ!" फिद्दा रडू लागली. "आणि तू मला दार बंद करून ठेवतेस!"

"दार ऊब जाऊ नये म्हणून लावते!"

"दोघीही जरा गप्प बसाल का?" मैसून म्हणाली. तिने भिंतीवरच्या डबीचे झाकण उघडले आणि आतल्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात प्राण आले. मी धावू लागलो. नळ खळखळले, रेडिएटर गुडगुडले. तिने तारा सोडल्या, मी थांबलो. पुन्हा टेकवल्या, पुन्हा धावलो.

"पंप ठणठणीत आहे. तारा ठणठणीत आहेत," मैसून म्हणाली. "ही डबीही खोटं बोलत नाही. तिला जे जाणवतं तेच ती सांगते. पण हिच्या नाकाखाली कोणी रॉकेलची शेगडी पेटवून ठेवली, तर ती बिचारी काय म्हणणार? घरात उन्हाळा आलाय! बंद करा पंप!"

बायका शेगडीकडे वळून पाहू लागल्या. मग उम्म नायिफ हळूच म्हणाली, "म्हणजे बाळाला बघायला आलेल्या आम्हीच बाळाला गारठवलं की."

मैसूनने शेगडी विझवली आणि पातेल्यासकट ओसरीत ठेवली, खिडकी उघडली. बायकांनी शाली ओढून घेतल्या. थोड्या वेळाने भिंतीवर बारीकसे 'टक' झाले आणि हुकूम आला, खरा हुकूम.

फिद्दा अकरा दिवसांत पहिल्यांदा दिवसाउजेडी मागच्या खोलीत गेली. तिथे पाळण्यावर तीन घोंगड्या होत्या आणि वर गैथचा कोट. तिने पाळण्यातल्या गादीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"इतकं गार? पोरी, मला सांगायचंस ना गं."

"तुम्हीच करताय असं वाटत होतं, आत्या. मग तुम्हालाच काय सांगू?"

फिद्दा खाली बसली आणि रेडिएटरला पाठ लावून तिने हात पुढे केले. अरीज पुढे आली. मग तिने जूरीला त्या फोड आलेल्या हातांत दिले. मी त्या खोलीत जेवढे पाणी पाठवता येईल तेवढे पाठवत राहिलो.

दुपारच्या नमाजानंतर बाहेर हॉर्न वाजला. फिद्दाने सुनेकडे पाहिले, पण विचारायचा धीर तिला होईना. अरीजच म्हणाली, "आत्या, त्याला सांगा आत ये म्हणून. कराविया खाऊन जाईल." अनसने तीन वाट्या खाल्ल्या. तो एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी मैसूनने ती डबी मधल्या बोळात हलवली, जिथे ऊन नाही आणि शेगडीही नाही. फिद्दाने नवा पंप घालायचा का म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "चालतोय त्याला कशाला काढायचा? वर्षातून एकदा याच्याजवळ येऊन बसत जा, एवढंच." आणि फिद्दा येते. गुडघे दुखतात तरी जिना उतरते, माझी धूळ पुसते. आता बरोबर जूरीही असते. ती माझ्यावर तळहात ठेवते आणि मला गुदगुल्या होतात असे ठामपणे सांगते.

माझा आवाज आता घरघरू लागला आहे. येत्या उन्हाळ्यात मैसून मला काढणार आहे, आणि ते योग्यच आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. फक्त माझ्या जागी जो येईल त्याच्यासाठी एक मागणे आहे. तो कधी थांबला, तर पान्याआधी हात लावा. त्याच्यापर्यंत वीज पोचते का पाहा, हुकूम कोण देतो ते पाहा, आणि हुकूम देणाऱ्याच्या शेजारी काय पेटले आहे तेही पाहा. आणि मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे माणूस अचानक गप्प झाले, थंड वागू लागले, दार लावून बसू लागले, तर त्यालाही बिघडलेले ठरवू नका. दार ठोठावा आणि विचारा, "आत गार आहे का गं?"