शिक्क्याच्या कडेचं बोट

ओत्तोने बाईंनी पाच कागद टेबलावर माझ्यासमोर ओळीनं मांडले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "नोएलिया, शिक्का तुझाच दिसतोय. भाषांतरं तुझी आहेत का, एवढंच सांग."

भाषांतरं माझी नव्हती. दोन ओळींतच कळलं. जन्माचे, लग्नाचे दाखले यंत्रातून इटालियनमध्ये काढून कुणी वाचायचीही तसदी न घेता छापले होते. एका ठिकाणी नोंदणी अधिकाऱ्याचं आडनावसुद्धा भाषांतरित झालं होतं. शिक्का मात्र माझा होता. वर माझं नाव, मधे 'सरकारमान्य भाषांतरकार', खाली नोंदणी क्रमांक. आणि क्रमांक संपतो तिथे, कडेला, मसुराच्या दाण्याएवढा एक डाग.

तो डाग ओळखणारी रोसारिओ शहरात मी एकटीच होते. तो माझ्या मुलीच्या बोटाचा होता.

मुलगी माझ्या मांडीवरच होती. अम्पारो, चौदा महिन्यांची. पाळणाघरात कांजिण्यांची साथ होती म्हणून तिला घेऊन आले होते. आल्याआल्या मी खोली नजरेखालून घातली होती: हीटरजवळचा प्लगपॉइंट उघडा, जमिनीवर स्टेपलरच्या दोन पिना, खिडकीची कडी खालच्या बाजूला. पिना उचलून खिशात टाकल्या होत्या. खिडकीकडे पाठ करून बसले होते. एवढी सावध बाई मी.

"नाही, मी केलेली नाहीत," मी म्हणाले. हे खरं होतं.

"मग कुणीतरी तुझ्या जुन्या एखाद्या कागदावरचा शिक्का स्कॅन करून उचललाय. तसंच ना?"

"तसंच असणार," मी म्हणाले. हे खरं नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. ओस्वाल्दो पाउतासो. या पाच कागदांची फाइल त्यांची. मुलगी आणि नाती इटलीत, कुनेओला. इटलीहून आलेल्या आपल्या आजोबांच्या वंशावरून नागरिकत्व मिळवून तिकडे राहायला जायचं, म्हणून चार वर्षं इटालियन कौन्सुलेटच्या तारखेची वाट पाहिलेली. तारीख आली, फाइल दिली, आणि कौन्सुलेटला शिक्क्याचा संशय आला. त्यांनी कागद आमच्या भाषांतरकारांच्या मंडळाकडे, म्हणजे ओत्तोने बाईंकडे, पाठवले. खोटे कागद दिल्याचा ठपका अर्जदारावर, म्हणजे पाउतासो आजोबांवर. ज्यानं फाइल लावून दिली तो एजंट हात वर करून मोकळा झाला होता: भाषांतरं म्हाताऱ्यानंच आणून दिली, मी फक्त क्रम लावला.

एजंटचं नाव लेदेस्मा. ते ऐकलं तेव्हा मी अम्पारोच्या मोज्याला नसलेली सुरकुती नीट करत होते.

लेदेस्माची कामं मी वर्षभर केली होती. आमच्याकडे नियम साधा आहे, पहिल्या वर्षी ओत्तोने बाईंनीच शिकवलेला. कागदावर द्यायचं तर शिक्का हातानं, प्रत्येक पानावर, शाईनं. कॉम्प्युटरवरून पाठवायचं तर डिजिटल सहीचं कुलूप लावून, म्हणजे नंतर एक अक्षर कुणी हलवलं तरी सही मोडते. शिक्क्याचं नुसतं चित्र कुठेही चिकटवायचं नाही. बाई वर्गात म्हणायच्या, "शिक्का आणि दात घासायचा ब्रश, कुणाला द्यायचे नाहीत." आम्ही हसायचो.

अम्पारो सहा महिन्यांची असताना ती मांडीवरून खाली राहायलाच तयार नसे. ठेवली की ओठ निळे पडेपर्यंत रडायची. डॉक्टर म्हणाले, काही नाही, राग आहे. पण निळे ओठ मी पाहिले होते, डॉक्टरांनी नव्हते. त्यामुळे ती कायम डाव्या हातावर. एका हातानं माऊस चालतो; शिक्का चालत नाही. दुसऱ्या हातानं कागद दाबून धरावा लागतो, नाहीतर शिक्का फाकतो. एक दिवस कोऱ्या कागदावर मी कसाबसा एक शिक्का मारला. फोटो काढायच्या आत तिनं ओल्या शाईवर बोट टेकवलं. दुसरा मारायला हवा होता. मी तोच घेतला. फोटो काढला, मागचं पांढरं उडवलं, खाली सही जोडली आणि ते चित्र कॉम्प्युटरवर ठेवून दिलं. ग्राहकांना आधी बघायला पाठवायच्या प्रतीवर चिकटवायला, असं मी स्वतःला सांगितलं. कागद नंतर फाडून टाकला. तिचं बोट तीन वेळा धुतलं, शाई पोटात जाईल म्हणून.

आणि ऑगस्टमध्ये लेदेस्माचा फोन आला. "अहो बाई, गावाच्या नावात एक अक्षर चुकलंय. तुम्ही कशाला त्रास घेता, बाळ आहे घरात. उघडी फाइल पाठवून द्या, मी इथे दुरुस्त करतो." अम्पारोला ताप होता. मी उघडी फाइल पाठवली. कुलूप नाही, काही नाही. शेवटच्या पानावर शिक्क्याचं चित्र, एका क्लिकमध्ये उचलता येईल असं. पाठवल्यावर एक क्षण हात थांबला होता. मग थर्मामीटर वाजला.

"घाबरू नकोस गं," ओत्तोने बाई म्हणाल्या. माझा चेहरा पाहून त्यांना वेगळंच वाटलं होतं. "तू काही पहिली नाहीस. चोर घरात शिरला ही घरवाल्याची चूक नसते. या अर्जावर सही कर: हा शिक्का माझ्या हातचा नाही, माझ्या संमतीशिवाय जुन्या कागदावरून उचललेला आहे. आणि नमुन्याचे दहा शिक्के मार."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला हायसं वाटलं.

"पोरीला द्या माझ्याकडे," पाउतासो आजोबा म्हणाले. "दोन हात लागतील तुम्हाला."

अनोळखी माणसाकडे मी मुलगी देत नाही. सासूबाईंकडे देतानासुद्धा त्यांच्या नखांकडे बघते. पण दिली. ती गेलीही, रडली नाही. त्यांनी तिला टोपी दिली आणि ती टोपीची कड चावत बसली. मी ती काढून घेतली नाही.

मी अर्जावर सही केली. मग दहा शिक्के मारले. बाईंनी ते खोट्या कागदांशेजारी धरले.

"बघा, आजोबा. हाताचे दहा. हा डावीकडे कललाय, याची शाई कमी, याचा शेवटचा आकडा पुसट. एकासारखा दुसरा नाही. आणि हे पाच बघा. पाचही तंतोतंत, त्या डागासकट. म्हणजे एकाच चित्राची नक्कल."

"म्हणजे मी केलं नाही हे कळेल त्यांना?" आजोबांनी विचारलं.

"एवढ्यानं नाही कळणार. चित्र तुम्हीही बनवू शकता असं म्हणतील."

"मी? मला फोनवर नातीचा चेहरा उलटा दिसतो. चाळीस वर्षं पाव भाजले हो मी, बाई."

"मला ठाऊक आहे. म्हणून मूळ कागद शोधायचा. हा डाग ज्या कागदावर आहे तो कागद सापडला, की तो कुणाकुणाच्या हातात गेला हे कळेल." बाई उठल्या, कपाटातून माझ्या नावाचे चार जाड बांधीव गठ्ठे काढले. मी आजवर नोंदवलेल्या प्रत्येक भाषांतराची प्रत. "एक एक पान बघू. भिंग आहे माझ्याकडे. दोन दिवस लागतील, तीन लागतील. लागू देत."

बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी पहिला गठ्ठा सोडला, 'माते'च्या, म्हणजे आमच्याकडच्या कडू पानांच्या चहाच्या, पेल्यात गरम पाणी ओतलं, एक घोट घेऊन पेला आजोबांकडे सरकवला आणि भिंग लावलं. पहिलं पान. उलटलं. दुसरं पान. उलटलं. प्रत्येक पानावर माझा शिक्का, हातानं मारलेला, सरळ, स्वच्छ. लेक व्हायच्या आधीचे कागद. मला ते पाहवेनात.

आजोबा हळूच माझ्याकडे वाकले. "बाई, एक सांगायचं होतं. माझ्या फाइलपायी तुमचं नाव खराब झालं. माझी चूक झाली. स्वस्तात करतो म्हणाला म्हणून मी त्याच्याकडे गेलो. मुलीनं सांगितलं होतं, बाबा, भाषांतरकार बाईंना स्वतः भेटा. भेटलो नाही. माफ करा मला."

अम्पारोनं टोपी टाकून त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात घेतलं होतं. बटण सैल होतं, दोऱ्यावर लोंबत होतं. एरवी मी झडप घातली असती. मी बसून राहिले, कारण उठले असते तर त्यांच्याकडे पाहावं लागलं असतं.

बाई विसाव्या पानावर होत्या.

"बाई," मी म्हणाले, "शोधू नका. तो कागद त्यात नाही."

"कशावरून?"

"तो कुणाला दिलेलाच नाही. कोरा होता. मी फाडून टाकला."

भिंग पानावरच राहिलं. मी सगळं सांगितलं. कोरा कागद, फोटो, चिकटवलेलं चित्र, उघडी फाइल. ताप होता हेही सांगायला लागले, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ताप नको. तारीख सांग." मी फोनवर लेदेस्माला पाठवलेला मेल काढून दिला. सतरा ऑगस्ट. सोबत जोडलेली फाइल. बाईंनी ती उघडली, शेवटच्या पानावर गेल्या, दोन बोटांनी शिक्का मोठा केला. मसुराचा दाणा स्क्रीनभर पसरला. बोटाच्या रेघासुद्धा दिसल्या, केसासारख्या बारीक.

"हे कुणाचं बोट?"

मी अम्पारोकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुमचं काम झालं. चित्र कुठून आलं, कुणाकडे गेलं, सगळं यात आहे. तुमच्यावरचा ठपका राहणार नाही. मी आजच लिहिते त्यांना."

पाउतासो आजोबा उठले. अम्पारोच्या तोंडातून बटण काढलं, तुटून हातात आलं ते खिशात ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन मुलगी माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी, काळजीपूर्वक, दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी. टोपी उचलून झटकली.

"म्हणजे मघाशी मी माफी मागत होतो," ते म्हणाले, "तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. पावाचा घाणा जळला की जळला म्हणून बाजूला ठेवावा, तशी.

"पाचही दाखले मी नव्यानं करून देते," मी म्हणाले. "नीट. हातानं."

"नको, बाई. दुसऱ्या कुणाकडून करून घेईन." दारापर्यंत गेले आणि थांबले. "पोरीला त्या बटणापासून सांभाळलं मी. लक्ष होतं माझं," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

ओत्तोने बाईंनी माझा सही केलेला अर्ज उभा फाडला, आडवा फाडला. कोरा कागद पुढे केला. "पुन्हा लिही. घडलं तसं. ताप, झोप, काही नको." मग हात पुढे केला, तळवा वर. मी पर्समधून शिक्का काढून त्यावर ठेवला. चौकशी होईपर्यंत तो त्यांच्याकडे राहणार. सहा महिने की कायमचा, ते मंडळ ठरवेल. त्यांनी तो कपाटात ठेवला, माझ्याच गठ्ठ्यांवर, आणि किल्ली फिरवली.

एका हातावर अम्पारो, एका हातानं लिहिणं. कागद सरकत होता. बाई पाहत होत्या. बराच वेळ त्यांनी तो सरकू दिला. मग टेबलापलीकडून एक बोट लांबवून कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलं, माझ्याकडे न बघता, आणि मी लिहून होईपर्यंत तिथेच ठेवलं.