पंख्यातला येसर

"तुझा विश्वास बसायचा न्हाई नागसेन, कुणाचाच बसत न्हाई," मी म्हणालो, "पण ह्या धुराच्या पंख्यानं एकदा तव्यावरची भाकरी उचलली हुती. टम्म फुगलेली, आख्खी. गेली वर अन् जाळीला चिकटली. सुनेत्रानं खाली ताट धरलं, बटन बंद केलं, तर बरोबर ताटात!"

नागसेन स्टुलावर चढण्याआधी चपला काढत होता. "काका, परात धरली असती तर पंगत उठली असती."

"उठली असती की! तीन नंबरचं बटन दाबलं असतं तर शेजारच्या दिनकररावांचं धोतरबी आलं असतं भिंतीतून."

"नाना," ओट्यापाशी उभी असलेली रोहिणी म्हणाली, "त्यांना काम करू द्या."

रोहिणी माझी एकुलती लेक, बंगळुरूला असते. उद्या तिच्या आईचं, माझ्या सुनेत्राचं, वर्षश्राद्ध, म्हणून काल जिंतूरला आली. आल्या आल्या मान वर करून पंख्याकडे बघितलं आणि म्हणाली, याचा फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो, तुम्ही दीड वर्ष तसाच ठेवलाय. नवा फिल्टर तिनं बॅगेतूनच आणला होता. नागसेन वायरमनला फोनही तिनंच केला. मी नको म्हणालो. एकदा नाही, चारदा. पण मुलींना आयांचा हट्ट मिळतो. बापाकडून फक्त नाक.

"बदलायचा न्हाई म्हणजे न्हाई," मी पाचव्यांदा म्हणालो. "त्यात तुझ्या आईचा येसर हाय."

हे जरा सांगायला हवं. साध्या पंख्याला धूर बाहेर सोडायला भिंतीत भोक लागतं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पलीकडून दिनकररावांचं देवघर चिकटलेलं. भोकाचं नाव काढलं तर ते म्हणाले, "काशीनाथराव, तुमच्या लसणाची फोडणी माझ्या बाळकृष्णाच्या नाकात?" दुसऱ्या अंगाला जिना, तिसऱ्या अंगाला माजघर. म्हणून हा बिनपाइपाचा. हा धूर वर ओढतो, तेल जाळीत धरतो, वास कोळशाच्या फिल्टरात कोंडतो आणि हवा तेवढी परत खोलीत सोडतो. वास कोंडतो, हे ध्यानात ठेवा.

आणि कोंडून ठेवावा असा एकच वास आमच्या घरात होता. दर चैत्रात सुनेत्रा येसर करायची, वर्षभराच्या आमटीचा मसाला. डाळी, धने, खोबरं, दगडफूल, लाल मिरची, सगळं लोखंडी कढईत भाजायचं. एक डबा लेकीला, बाकी अर्ध्या जिंतूरला. मिरची कढईत पडली की गल्लीच्या टोकाला म्हशी ठसकायच्या. सुनेत्रा मात्र पदर नाकाला लावून उलथनं हलवत राहायची. आणि मग उंबऱ्यावर बसून छाती धरून खोकायची, अर्धा-अर्धा तास. डॉक्टर म्हणाले, बाईंना दमा आहे, धूर बंद. ती डॉक्टरांनाच म्हणाली, "धूर बंद केल्यावर येसर कसा व्हायचा?"

तेव्हा रोहिणीनं फोनवर धोसरा लावला की पंखा घ्याच. दसऱ्याच्या आठवड्यात आम्ही दोघं एसटीनं परभणीला गेलो. दुकानदार आमच्या पुढ्यात एकेक पंखा लावायचा आणि म्हणायचा, याची ओढ इतकी, त्याची ओढ तितकी. सुनेत्रानं ऐकून घेतलं. मग पदराची गाठ सोडली. आत तीन सुक्या मिरच्या.

"ह्या जाळा अन् दाखवा," ती म्हणाली.

दुकानदार हसला. ती हसली नाही. पहिल्या पंख्याखाली मिरची जळाली, गिऱ्हाईक रस्त्यावर. दुसऱ्या पंख्याखाली जळाली, दुकानदार रस्त्यावर. तिसऱ्या पंख्याखाली मिरचीची राख झाली आणि कोनाड्यातल्या गणपतीला शिंकसुद्धा आली नाही. "हा द्या," ती म्हणाली. खरं सांगायचं तर तीन मिरच्यांतली एक मी वाढवलेली आहे. बाकीच्या दोन तिनं खरंच नेल्या होत्या. परतताना खोकं तिनं माझ्याकडे दिलं नाही. लेकरू घ्यावं तसं मांडीवर घेऊन जिंतूरपर्यंत बसली.

"अन् दुसऱ्याच दिवशी बसवला," मी नागसेनला म्हणालो. "मी. एकट्यानं. चौतीस वर्षं येलदरीच्या वीजघरात वायरमन हुतो. धरणाच्या पाण्यातनं उजेड काढणारा माणूस घरचा पंखा लावायला दुसऱ्याला बोलवील?"

"मी आलतो की काका तवा. दोनदा," नागसेन वरून स्क्रू सोडवत म्हणाला. "काकूंनीच बोलावलं हुतं. तुमी दारातूनच परत लावून दिलं. म्हणलात, तू मला शिकवायलायस का?"

"शिकवायलाच आलतास!"

"मी तर व्हिडिओवर दाखवा, दाखवा म्हणून थकले," रोहिणी म्हणाली. "एकदाही दाखवला नाही तुम्ही."

"कसा दाखवणार? फोन वर धरला की फोनच ओढून घ्यायचा."

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता ओट्यावरून हात फिरवू लागली, जिथं आईची कढई असायची तिथं.

"काही म्हणा नाना, एवढं एक बरं झालं," ती म्हणाली. "शेवटचा येसर तरी तिनं बिनधुराचा भाजला. त्यातला मूठभर मी अजून ठेवलाय. डबा उघडला की आधी तेच मनात येतं, की हा तिला खोकत खोकत करावा लागला नाही. बाकी कशाचीच समजूत पटत नाही मला. एवढ्याची पटते."

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या जिंतूरला माहीत आहे. पण समोर लेकीचा चेहरा असा उजळला की जिभेनं काय करावं?

"खोकत?" मी म्हणालो. "अगं, शिंकली सुदिक न्हाई. कढईपुढं उभी राहून गाणं म्हणायली हुती."

"आई? गाणं?"

"जात्यावरचं. पंख्याच्या घूं-घूंवर सूर धरून. दिनकरराव पलीकडनं म्हणले, वैनी, अजून एक होऊ द्या."

नागसेन वर हसला, पण रोहिणी हसली नाही. तिनं ते गाणं ऐकू येत असल्यासारखी मान कलती केली. मला वाटलं, आता थांबावं. थांबलो नाही.

"अन् म्हणून सांगतो, फिल्टर काढू नका. दुपारी चारला मी बटन दाबतो. पहिल्यांदा नुसती हवा येते. मग तिचा येसर येतो. सगळा. ये, इथं उभी ऱ्हा."

ती पंख्याखाली येऊन उभी राहिली. नागसेननं अंग बाजूला घेतलं. मी बटन दाबलं. पंखा घुमू लागला, तिच्या कपाळावरचे केस हलले. तिनं डोळे मिटले.

"येतोय, नाना," ती हळूच म्हणाली. "आधी खोबरं. मग... मग मिरची."

मलाही आला. ह्यात मात्र काही वाढवलेलं नाही.

मला वाटलं, जिंकलो. आता फिल्टर राहणार. पण लेक सुनेत्राची. डोळे पुसून म्हणाली, "नागसेनदादा, काढा. जुना फिल्टर फेकायचा नाही. मी घरी नेणार. डब्यात झाकून ठेवते."

"तो घरातनं बाहेर काढला की वास उडतो," मी म्हणालो.

"मी कापडात गुंडाळते."

"कोळसा असतो तो, विमानात न्हेऊ देत न्हाईत."

"मी रेल्वेनं जाते."

"शॉक बसंल. नागसेन, मेन बंद केलाय का? उतर खाली, उद्या बघू. उद्या भटजी यायचेत, घरात पसारा नको."

"नाना, असं काय करता?" ती म्हणाली. "आईचं माझ्यापाशी काय आहे दुसरं? नऊ दिवस दवाखान्यात मी उशाशी होते, पण तेव्हाची ती मला आठवायलासुद्धा नको वाटते. मला ही हवी. ह्या पंख्याखाली गाणं म्हणणारी."

ते नऊ दिवस. येसर झाल्यावर चौथ्याच दिवशी सुनेत्राला परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं, निराळ्याच कारणानं, असं मी सगळ्यांना सांगतो. रोहिणी बंगळुरूहून थेट तिथं आली. एका सकाळी मी कपडे आणायला म्हणून जिंतूरला आलो तो दिवस मावळताना परतलो. रोहिणीनं माझ्या केसांतली धूळ झटकली. डोकं सगळं लाल झालेलं. मी म्हणालो, एसटीच्या खिडकीपाशी बसलो होतो. ह्या रस्त्याला इतकी धूळ की डोक्यात हरभरा पेरला असता तर परभणी येईपर्यंत घाटे धरले असते. सुनेत्रानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तिला बोलायला दम पुरत नव्हता. "घरी गेल्यावर बघते," एवढंच म्हणाली. कशाकडे, ते म्हणाली नाही.

नागसेननं बटन बंद केलं आणि वर जाळी निघाल्याचा खट्ट आवाज झाला. नागसेननं आत हात घातला आणि तो तसाच थांबला. मग मान वाकवून त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या लेकीच्या वयाचा माणूस, पण त्या क्षणी त्यानं माझ्याकडे थोरल्या भावानं बघावं तसं बघितलं.

"काका," तो म्हणाला, "चांगला हाय की हा अजून. ऱ्हाऊ द्या. मी जाळी लावून टाकतो."

"द्या इकडं," रोहिणीनं हात वर केला.

"ताई, खरंच..."

"द्या, दादा."

त्यानं दिला. तिनं दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसा घेतला.

फिल्टरावर प्लास्टिक होतं. दुकानातून आला तसं, चारी बाजूंनी ताणून बसवलेलं, लख्ख. आत कोळशाची काळी जाळी दिसत होती. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, बसवण्याआधी हे आवरण काढा. चौतीस वर्षं वायरमन असलेल्या माणसाला ते त्या दुपारी वाचायला सवड नव्हती. नागसेनच्या हातात जाळी होती. तिच्यावर तेलाचा एक थेंब नव्हता.

रोहिणीनं फिल्टर नाकाशी नेला. नुसतंच प्लास्टिक.

"तुझा विश्वास बसायचा न्हाई रोहिणे," मी म्हणालो, "पण आजकाल ह्या प्लास्टिकला इतकी बारीक छिद्रं असतात, दिसत न्हाईत डोळ्याला, त्यातनं वास बरोबर..."

"नाना," ती म्हणाली, "परभणीच्या रस्त्याची धूळ काळी असते. त्या दिवशी मी तुमच्या केसांतून झटकली ती ह्या भिंतीच्या विटेची होती. आईनं ह्या पंख्याखाली कधी कढईच ठेवली नाही."