शून्यांमधली अंतरं आणि लाल पेन्सिल

श्रीगोंद्याच्या कॉलेजात माझी नोकरी अजून कच्ची होती, म्हणून बाहेर पाठवायचा प्रत्येक कागद विभागप्रमुख आप्पासाहेबांच्या हातून जायचा. बहात्तरच्या जूनमध्ये मी त्यांना बारा पानं दिली, गणिताच्या एका नियतकालिकाला पाठवायला. वर्ष उलटलं. विचारलं की एकच उत्तर, "बघतो, बाई." कसलं बघणं!

पानं होती झीटा फलनाच्या शून्यांबद्दल, म्हणजे त्या फलनाची किंमत जिथं शून्य होते त्या जागांबद्दल. ही शून्यं एकाच सरळ रेषेवर बसतात असं शंभर वर्षं सगळे मानत आलेत; सिद्ध कुणालाच करता आलेलं नाही. मी पुण्याहून सहाशे शून्यांचा तक्ता हातानं उतरवून आणला आणि शेजारशेजारच्या शून्यांमधली अंतरं काढत बसले. टँकरच्या रांगेत भांडलेल्या बायका अंतर राखून बसतात ना, तशी ही शून्यं एकमेकांना खेटतच नव्हती. कशीही विखुरलेली असती, तर खेटलेल्या जोड्या ढिगानं सापडल्या असत्या. पुढेही असंच चालत असणार, हा माझा अंदाज. अंदाज! पहिल्याच ओळीत तसं लिहिलं होतं.

पुढच्या दिवाळीत पुण्याच्या ग्रंथालयात एका परदेशी गणितज्ञाचा लेख हाती पडला. तीच अंतरं, तोच अंदाज, माझ्याहून नेमक्या सूत्रात. त्या माणसावर माझा राग नाही, त्यानं कष्ट केलेत. पण तळपायाची आग मस्तकात गेली.

परतले तर शिपाई सहादू म्हणाला, "बाई, तुमचे कागद कपाटातच हायेत की. सरांनी पेपर तपासल्यावानी लाल पेन्सिल मारलीया."

पाहिलं. पानोपानी 'सिद्धता कुठे?' शेवटी दहापैकी दोन, बहुधा अक्षराचे. मीही मूर्खच. पोस्ट दोनशे पावलांवर होतं आणि मी नोकरीला भ्याले.

परदेशी लेखातला मुख्य अंदाज मी माझ्या अक्षरात एका पानावर उतरवला, नाव न घालता, आणि माझ्या बारा पानांसकट आप्पासाहेबांपुढे ठेवला. "सर, पुन्हा लिहिलंय."

त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल उचलली. 'सिद्धता नाही. कल्पनाविलास.' वर म्हणाले, "अंदाज म्हणजे गणित नव्हे, बाई."

मी पेन काढलं आणि पानाच्या डोक्यावर लेखकाचं नाव, नियतकालिक, पान क्रमांक सगळं लिहिलं.

ते त्यांनी दोनदा वाचलं. मग हाक मारली, "सहादू, खोडरबर आण."

त्या पानावरची लाल पेन्सिल त्यांनी जपून, कागद फाटणार नाही अशी खोडली. माझी बारा पानं शेजारीच पडली होती. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.