टोळी निघायच्या आधी

त्या दिवशीही मंजुळाबाई उंबऱ्याशी बसून हूक लावत होत्या आणि आत शिवकन्या मशीनवर होती. दसरा झाला की शिरूरला ब्लाऊजची घाई सुटते. ऊसतोडीला निघायचं म्हणजे सहा महिने फडात. तिथं कुठला शिंपी? म्हणून बाया चार-चार ब्लाऊज एकदम टाकतात. शिवणं लेकीचं, हुकांचं काम आईचं. आईनं वीस वर्षं कोयता चालवून लेकीला वसतिगृहात ठेवलं, बी.ए. केलं, आणि नोकरी लागेना तेव्हा मशीनही तिनंच घेऊन दिली.

दुपारी वच्छलाबाई आपले तीन ब्लाऊज न्यायला आली. बघते तर तिन्हींच्या दोन्ही पट्ट्यांना हूकच. ते अडकवायला लूप एकालाही नाहीत.

"मंजुळे, आता हे बांधू कशानं? सुतळीनं?" वच्छलाबाई हसली. मंजुळाबाईही हसल्या.

शिवकन्याला हसू आलं नाही. आईची नजर अधू झाली होती. दोन महिने झाले, आई देवळात गेली की ती तिचे टाके गुपचूप उसवून पुन्हा घालत होती. हे तीन तेवढे राहून गेले होते.

"राहू दे आई," ती म्हणाली. "तुझ्यानं काम कमी होत न्हाई, वाढतंय."

मंजुळाबाईंनी सुई रिळाला टोचून ठेवली आणि चहा टाकला. पुढं सगळं रोजच्यासारखंच झालं. शेपूची भाजी, भाकरी, भावकीतल्या कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलणं. सकाळी त्या उठल्या नाहीत.

तेरावा उरकला तेव्हा टोळ्या निघायला आठवडा राहिला होता आणि कापून ठेवलेले तीसेक ब्लाऊज तसेच पडले होते. शिवकन्याला मशीनला हात लावता येईना. नव्या गळ्यांचे फोटो पाठवायला तिनं गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता. त्यावर 'आपापलं कापड घेऊन जा' एवढंच लिहायला ती बसली. वाचनालयातलं कपाटच्या कपाट वाचून काढलेली ही मुलगी, पण स्वतःचं तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. आता लिहायला लागली तर थांबता येईना. वसतिगृहावर भेटायला आलेली आई हात पदराखाली धरून बसायची, लेकीच्या मैत्रिणींना तळव्याच्या भेगा दिसू नयेत म्हणून. लेकीनं वाचलेली गोष्ट ती स्वयंपाक करता करता ऐकायची, आणि शेवट पटला नाही तर भांडायची. सगळं लिहिलं. त्या दुपारचं तेवढं सोडलं, आणि पाठवून दिलं.

ग्रुपमधल्या निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या बांगडीवाल्या रहिमाबीच्या लेकीनं, अदिबानं, तो मजकूर मोठ्यानं वाचून, आवाज भरून ग्रुपवर टाकला. शिवकन्याला न विचारताच.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. शिवकन्यानं कापडाची गाठोडी बाहेर काढली, पण कुणी उचलली नाहीत. रहिमाबीनं येताना सुई-दोरा आणला होता. ती ऐसपैस बसली आणि म्हणाली, तू मशीन चालव, हुकाचं आमी बघतो. वच्छलाबाई तिच्या शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी पाचजणी होत्या. घरी बाजरी दळायची होती, बिऱ्हाड बांधायचं होतं, तरी दुपारचे दोन तास काढून यायच्या. एकमेकींचे टाके बघून नावं ठेवायच्या. कुणी मंजुळाबाईंच्या आठवणी काढायची. शिवकन्या खालमानेनं शिवत राहायची.

शेवटच्या दिवशी त्यांच्यातली कडूबाई दोरा तोडता तोडता म्हणाली, "मंजुळा लई नशिबाची. आमच्या लेकरांना आमी जड झालोत. हिनं शेवटपर्यंत आईला एका शब्दानं दुखावलं न्हाई. त्या लिहिण्यातच कळतंय."

वच्छलाबाईनं मान वर केली नाही. ती टाके घालत राहिली. ती कधीच काही बोलणार नव्हती, हे शिवकन्याला कळलं. गप्प बसलं असतं तर चाललं असतं.

तिनं मशीन थांबवली.

"दुखावलं, मावशी. लिहिलं न्हाई तेवढं. ह्या वच्छलामावशीसमोर म्हणले मी तिला, तुझ्यानं काम वाढतंय. तिला दिसत नव्हतं, मला म्हाईत होतं. दवाखान्यात न्यायला मी दिवस काढला न्हाई, आन् बोलले तिलाच."

सुया थांबल्या. रहिमाबी तिला जवळ घ्यायला उठायला लागली, पण शिवकन्यानं हातानंच खुणावून तिला बसवलं.

"माझं चुकलं गं आई," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.