उतारावरचा बाक

बसा की, उभे का राहिलात? मी बाक आहे, बसण्यासाठीच मला केलंय. या नव्या चर्चमधला शेवटचा, दाराजवळचा, आणि बाकीच्यांपेक्षा तीन बोटं बुटका. असा कसा झालो, ते सांगतो.

माझं आधीचं आयुष्य छपरात गेलं. इथल्या जुन्या, छोट्या चर्चचा मी वासा होतो. कितीतरी वर्षं मी वरून लोकांची डोकी पाहिली. कुणाचे केस विरळ होताहेत, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळायचं. पुढे माणसं वाढली. निम्मी मंडळी बाहेर उभी राहून मिस्साची प्रार्थना ऐकू लागली. तेव्हा जुनं चर्च उतरवून त्याच जागी मोठं बांधायचं ठरलं.

मला खाली आणलं, तेव्हा सुतारबाबांनी माझ्या अंगात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं.

"अजून दमदार आहे," ते म्हणाले. "याचा नमुन्याचा बाक करू."

असा माझा दुसरा जन्म झाला. माझ्यामागून नव्या लाकडाचे सत्तावीस भाऊ आले. बाबा कापायचे, रंधा मारायचे; त्यांची लेक घासून पॉलिश करायची. बाबांनी सत्तरी ओलांडलेली. एवढं मोठं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं, आणि पुन्हा मिळणारही नव्हतं.

बिशप येऊन चर्चला आशीर्वाद देणार होते. दहा दिवस राहिले, फरशी बसली, आणि मला पहिल्यांदा आत नेलं. फादर कौतुकानं माझ्यावर बसले आणि पुढे घसरले. सावरायला गेले, तर माझा एक पाय अधांतरी. टक्. रिकाम्या चर्चमध्ये तो आवाज केवढा तरी घुमला.

"जमिनीला वेदीकडे उतार आहे," गवंडी म्हणाला. "मागच्यांना दिसायला हवं ना. नकाशात आहे की."

"नकाशा तुझ्याकडे," बाबा म्हणाले. "मला नुसता बाकाचा कागद दिला होता."

"मग विचारायचं होतंत."

"तू सांगायचं होतंस."

बाबांनी सगळे बाक सपाट शेडमध्ये, जुन्या मापानं केलेले. इथे उतार तर होताच, वर फरशी कुठे दोन सूत उंच, कुठे दोन सूत खाली. चर्चच्या समितीतले मास्तर हिशोबीपणानं बोलले, "पायांखाली पाचरी मारा. नाहीतर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागवू. दिवस कुठे राहिलेत?"

बाबा सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "पाचर सरकते, मास्तर. दोनशे माणसं एकदम गुडघे टेकतात, एकदम उठतात. म्हातारी माणसं पुढच्या बाकाची पाठ धरून उठतात. तोच हलला, तर त्यांनी धरायचं कशाला?"

"मग करणार काय?"

"एकेकाला त्याच्या जागेवर उभा करून पाय फरशीप्रमाणे कापून उतरवीन."

सुरुवात माझ्यापासून झाली. बाबा स्वतःवरच चिडलेले, आणि चिडलेल्या माणसाचा हात घाई करतो. मागचे पाय कापायचे, ते पुढचे कापले.

लेक बघत राहिली. "बाबा, ही तर घसरगुंडी झाली."

बाबांनी करवत खाली ठेवली. मला उचलून दाराबाहेर ठेवलं. तिथे रंगारी माझ्यावर डबे ठेवायचा आणि गवंडी जेवायला बसायचा. मी उघड्या दारातून आत बघत राहायचो.

नऊ दिवस, रोज तीन बाक. बाबा फरशीवर गुडघे टेकायचे, पायांखाली चिपा सरकवून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचे. मग लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल धरून चारी पायांभोवती फिरवायची. जशी फरशी वरखाली, तशी रेघ वरखाली. त्या रेघेवर कापायचं आणि पुन्हा जागेवर उभा करायचा. लेक चारी कोपऱ्यांना जोर देऊन बघायची.

"हलतोय?"

"किंचित."

"किंचित म्हणजे हलतोय. आडवा कर."

चौथ्या दिवशी बाबांचे गुडघे सुजले. मास्तर डोकावले. "दमलात तुम्ही. खुर्च्यांचं सांगून ठेवू का?"

"मास्तर, ते टोक जरा धरा."

मास्तरांनी धरलं. दुसऱ्या दिवशी न बोलावता आले, जुना शर्ट घालून.

सत्तावीस झाले, तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. लेक म्हणाली, "याला राहू द्या ना आता."

"माझी चूक आहे ही. अर्धवट कशी सोडू?"

त्यांनी माझे मागचे पाय उतरवले, आणि मला दाराजवळ माझी जागा मिळाली.

आशीर्वादाच्या दिवशी खिडक्यांना काचा नव्हत्या, वेदीमागची भिंत कोरी होती. पण बाक सगळे भरले. बाबा आणि लेक माझ्यावर बसले. गुडघे टेकायची वेळ आली, तेव्हा बाबांना वाकता येईना. ते मान खाली घालून बसून राहिले. कान मात्र पुढच्या बाकांकडे.

दोनशे माणसं खाली गेली. मग उठली. म्हातारे हात बाकांच्या पाठी धरून उठले, पूर्ण भार टाकून. कपडे सळसळले, कुणाचातरी गुडघा वाजला. बाकी एकही आवाज नाही.

बाबांनी श्वास सोडला.

"बाबा, प्रार्थना चाललीय," लेक कुजबुजली.

"माझी झाली," ते म्हणाले.

आता काचा बसल्यात. घंटा अजून यायची आहे. बाबा वेदीशेजारच्या खोलीतलं कपाट करायच्या मागे लागलेत. माझी एकच विनंती आहे. फरशी धुताना आम्हाला हलवलंत, तर प्रत्येकाच्या पोटाखाली लेकीनं आकडा लिहिलाय तो बघा, आणि ज्याला त्याला त्याच्याच जागी परत ठेवा. दुसरीकडे आम्हाला धड उभं राहता येत नाही.